आईनं सांगितलेला टायफॉईड

“टायफॉईड म्हणून सांगायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई, कळलं?”

पडद्यापलीकडून आईचा आवाज आला. ती फोनवर मामाशी बोलत होती आणि तिच्या मते हळू बोलत होती. कोल्हापुरात हळू बोलणं म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल, पण रस्त्यापर्यंत जाणार नाही इतपत. पडद्याच्या अलीकडे मी होते. हाताला सलाईन, अंगावर दोन ब्लँकेटं, बाहेर मार्चचं ऊन, आणि माझे दात मात्र एकमेकांवर आपटत होते. कमरेच्या जरा वर, पाठीत उजव्या बाजूला अशी कळ येत होती की श्वास घेतानाही हिशेबानं घ्यावा लागत होता.

अर्ध्या तासापूर्वी डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघींना स्पष्ट सांगितलं होतं. लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन आहे, ते वर किडनीपर्यंत गेलंय, आजच ॲडमिट करा. आई “बरं, बरं” म्हणाली, बाहेर गेली आणि तिनं आजारच बदलून टाकला.

तर त्या आठवड्यात माझ्याकडे दोन आजार होते. एक मला झालेला आणि एक लोकांना सांगायचा. पहिल्यासाठी इंजेक्शनं होती. दुसऱ्यासाठी नातेवाईक होते. पहिला लवकर बरा झाला.

आईचं कारण साधं होतं. कागलचं एक स्थळ चालू होतं. मुलगा बरा होता, घर बरं होतं, आणि बोलणी “बघू, कळवतो” इथपर्यंत आली होती. अशा वेळी मुलीच्या बाबतीत ‘किडनी’ हा शब्द बाहेर पडून चालणार नव्हता, आणि ‘लघवी’ तर त्याहून नाही. टायफॉईड मात्र घरंदाज आजार. कुणालाही होतो आणि कुणी काही विचारत नाही.

*

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला हवं, कारण मला डॉक्टरांनी विचारेपर्यंत तेही कळलेलं नव्हतं.

मी हुपरीत एका चांदीच्या कारखान्यात काम करते. कारखाना म्हणजे घरच. पुढच्या दोन खोल्यांत पैंजणं होतात, त्यामागे मालकांचं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे मोरी आणि संडास. मालकांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला वैनी. पैंजणांचे फोटो काढायचे, ते व्यापाऱ्यांना पाठवायचे आणि परराज्यातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीतून उत्तरं लिहायची, हे माझं काम. मी इंग्लिश मीडियमची. त्यामुळे अण्णांना मी फार हुशार वाटते आणि कारागिरांना थोडी शिष्ट. खरं म्हणजे मी लाजरी आहे, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

चांदी घासताना तिचा बारीक कीस उडतो. तो कपड्यांवर बसतो, केसांत जातो, नखांत अडकतो. म्हणून कामाच्या खोलीतून बाहेर पडताना दारातल्या बादलीत हात बुडवायचे आणि खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर कपडे झटकायचे, असा नियम आहे. ते पाणीसुद्धा फेकत नाहीत, तळाशी बसलेली चांदी काढून घेतात. यात कुणावर संशय नसतो. अण्णा स्वतःही झटकूनच बाहेर पडतात. दाराशी बाबूकाका बसतात. तिथले सगळ्यात जुने कारागीर. ते मान वर न करता विचारतात, “कोण? कुठं?”

पुरुष सरळ सांगतात, “मुतून येतो,” आणि मागच्या मोकळ्या जागेत जाऊन येतात. कामाला येणाऱ्या दोघी बायका त्याच गल्लीतल्या, त्या घरी जाऊन येतात. राहिले मी. मला जायचं असलं की आधी सात पुरुषांसमोर उभं राहून ओढणी झटकायची, मग बाबूकाकांच्या “कुठं?”ला उत्तर द्यायचं, मग चपला काढून वैनींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचं, कारण पुढची वाट त्यांच्या चुलीशेजारून जाते.

वैनी वाईट नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “लाजू नगो बाई, कवाबी ये.” मी गेले. दुपारी पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातूनच खणखणीत आवाजात विचारलं, “काय गं, परत? पाळी आलीया का?”

पुढच्या खोलीत चांदीवर चालणारी कानस थांबली. मला ती थांबलेली अजून ऐकू येते.

त्यानंतर दीड वर्ष मी तिथे एकदाही गेले नाही.

सकाळी नऊला घर सोडायचे आणि संध्याकाळी सातला परत यायचे. हुपरीची बस धरायच्या आधी अर्धा कप चहा, पाणी नाही. आई रोज बाटली भरून द्यायची आणि मी ती तशीच परत आणायचे. आईला वाटायचं, पोरगी विसरभोळी आहे. मला वाटायचं, मी किती छान जमवलंय.

*

पहिल्यांदा जळजळ झाली तेव्हा मी मेडिकलमध्ये गेले. बोलायचं नव्हतं म्हणून फोनवर इंग्रजीत टाइप केलं आणि स्क्रीन काउंटरवरच्या माणसापुढे धरली. त्यानं ती वाचली आणि मागे वळून ओरडला, “ओ दादा, लघवीला जळजळ व्हतीय त्यावरच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात हायत?”

दुकानात एक म्हातारे गृहस्थ कफ सिरप घेत होते. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

गोळ्या पाच दिवसांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी मी थांबवल्या. उरलेल्या शाळेतल्या जुन्या कंपासपेटीत ठेवल्या, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ आलीच. मग उरलेल्यातल्या दोन घेतल्या. त्याच्या पुढच्या वेळी दुसऱ्या मेडिकलमधून दुसऱ्याच कुठल्या तरी आणल्या, कारण पहिल्या दुकानात मी आयुष्यात पुन्हा पाऊल टाकणार नव्हते. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी मी दोन दिवसांत बरी व्हायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की जळजळ होतेय. कुठे, ते आईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही; पण तिला कळलं होतं, कारण त्या दिवसापासून उपाय सुरू झाले.

“उष्णता हाय. दुसरं काय न्हाई.”

उष्णता! आमच्या घरात केस गळण्यापासून परीक्षेत कमी मार्क पडण्यापर्यंत सगळं उष्णतेनं होतं. धन्या-जिऱ्याचं पाणी झालं. सब्जा झाला. बार्ली झाली. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासून झाली. घासताना तळपाय काळे पडले, तर आई विजयानं म्हणाली, “बघितलंस किती उष्णता निघाली?” यातलं काही वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. वाटीनं झोप छान लागायची. पण मी सकाळी धन्याचं पाणी पिऊन दिवसभर लघवी धरून बसत होते, हे तिला माहीत नव्हतं. आणि ते मी तिला सांगत नव्हते. तेव्हा तिच्यावर चिडायचा मला काय अधिकार? पण चिडायचे.

*

पाचव्या वेळी मात्र वेगळंच झालं. संध्याकाळी बसमध्येच थंडी वाजायला लागली. घरी पोहोचेपर्यंत पाठ दुखायला लागली आणि उलटी झाली. बाबांनी स्कूटर काढली आणि आम्ही तिघं गल्लीच्या टोकाला असलेल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते मला लहानपणापासून ओळखतात, म्हणजे आईला ओळखतात.

“काय होतंय?” त्यांनी मला विचारलं.

“पोटात दुखतंय तिच्या,” आई म्हणाली. “उलटी झाली. बाहेरचं काहीतरी खाल्लं असंल.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी बाबा उभे होते, हातात हेल्मेट धरून. मी होकारार्थी मान हलवली.

त्या मान हलवण्यात माझे दोन दिवस गेले. दोन दिवस मी अपचनाच्या गोळ्या घेत, एकशे चारच्या वर ताप चढवून, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडले. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. चूक आम्हा तिघांची होती. एक खोटं बोलली, एक गप्प बसली आणि एक हेल्मेटकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी बाबांनीच निर्णय घेतला आणि मला मोठ्या हॉस्पिटलमध्ये आणलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं काम केलं ते म्हणजे दोघांना बाहेर काढलं. आई म्हणाली, “मी आई हाय तिची.” मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच.”

मग त्यांनी मला इंग्रजीत विचारलं आणि मी इंग्रजीत सगळं सांगितलं. जळजळ, चार वेळा, कंपासपेटी, बादली, ओढणी, वैनींचं स्वयंपाकघर, सगळं. दोन-तीन मिनिटांत. इंग्रजीतले ते शब्द मी पुस्तकात शिकले होते, त्यांना कुणाच्या आवाजाची आठवण चिकटलेली नव्हती. मॅडमनी ऐकून घेतलं. मग आईला आत बोलावलं आणि तेच सगळं मराठीत सांगितलं. मी भिंतीवरचं किडनीचं चित्र पाहत राहिले. दोन घेवड्याच्या बिया, एवढंच.

“गोळ्या अर्धवट सोडल्यात ना, त्यानं जंतू मेले नाहीत, तयार झाले,” त्या मला म्हणाल्या. “आता कुठलं औषध लागू पडतं ते तपासायला लागेल. आणि ऐक. हे असं वर वर जात राहिलं, तर किडनीला कायमची इजा होऊ शकते. औषध मी देईन. पण त्या कारखान्यात जाऊन बोलायला मी येणार नाही. ते तुलाच करायचंय.”

त्यापेक्षा ऑपरेशन सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

*

लाजऱ्या माणसासाठी हॉस्पिटलइतकी वाईट जागा नाही. पहाटे सहाला दिवा लागतो आणि सिस्टर दारातून विचारतात, “लघवीची बाटली कुणाची राहिलीय?” कुणाची राहिलीय ते सगळ्या वॉर्डला माहीत असतं. मग ती बाटली भरून, झाकण लावून, व्हरांड्याच्या त्या टोकाला नेऊन द्यायची. वाटेत कुणाचे तरी पाहुणे डबे घेऊन उभे असतात. मी बाटली ओढणीखाली घेऊन जायचे, त्यामुळे ती चोरून नेल्यासारखी आणखीच दिसायची.

सोनोग्राफीच्या दिवशी तर कहर झाला. तिथली मुलगी म्हणाली, “लिटरभर पाणी प्या आणि लघवी धरून ठेवा. बोलावेपर्यंत जायचं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मला ज्याचा सराव होता ते कुणीतरी मागितलं होतं आणि नेमकं तेव्हाच जमेना. माझ्यापुढे पाच बायका होत्या. दर दहा मिनिटांनी मी पाय बदलून उभी राहत होते. आई म्हणाली, “बस की जरा.” मी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून पंख्याखाली जाऊन बसली.

शेजारच्या कॉटवर हौसाक्का होत्या. शाहूवाडीकडच्या, साठीच्या, मूतखड्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांचा आवाज शेतातल्या बांधावरून पलीकडच्या बांधावर जाण्यासाठी घडवलेला होता. सकाळी उठल्या उठल्या त्या सिस्टरांना बातमी द्यायच्या, “आज मोकळी झाली गं बाय! धार लागली धार!” वॉर्डातल्या बायका हसायच्या. मी चादर तोंडावर घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि मामी भेटायला आल्या. दोघींनी टायफॉईडची पथ्यं सांगितली. फक्त मुगाची खिचडी, डाळिंब सोलून, आणि अंघोळ अजिबात नाही. “टायफॉईड उलटतो बरं का,” मामी म्हणाली. “आमच्या शेजारच्या पोराचे सगळे केस गेले.” आई गंभीरपणे मान हलवत होती, जणू तिला खरंच माझ्या केसांची काळजी वाटत होती.

त्या गेल्यावर हौसाक्का कॉटवर उठून बसल्या.

“काय ओ ताई,” त्यांनी आईला विचारलं, “ह्या पोरीला टायफॉईड हाय म्हणता, मग त्या सिस्टर सकाळपासनं हिची लघवी मापानं का मोजत्यात?”

आईनं डाळिंब सोलायला घेतलं.

“आणि मी बी लघवीसाठीच आलोय की,” हौसाक्का म्हणाल्या. “त्यात काय चोरी हाय? आमच्यात भाताची लावण असली की दिसभर पाण्यात उभं ऱ्हायाचं. लागली की सांगायचं, आलोच गं, आन् बांधाआड जायाचं. न सांगता कुठं जाणार? लावणीची रांग मोडती.” मग माझ्याकडे वळल्या. “तू कवा जातीस गं पोरी? कामावर?”

“नाही जात,” मी म्हणाले. माझा आवाज जेमतेम कॉटच्या कडेपर्यंत गेला असेल.

“काय म्हणली?”

“न्हाई जात म्हणली ती,” आईच म्हणाली. डाळिंबावरून नजर न उचलता.

हौसाक्का कॉटवरून माझ्याकडे जरा पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, “मग शिकून काय केलंस?”

मला इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाठ करून पडून राहिले. राग त्यांचा नव्हता. माझा मलाच होता.

*

चौथ्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला, औषध बदललं आणि ताप उतरला. पाठीतली कळ एकदम गेली नाही. हळूहळू लांब सरकत गेली. अंगात ताप नसताना मी पहिल्यांदा निवांत उठून बसले तेव्हा आईनं माझे केस विंचरले. पाच दिवसांचा गुंता होता. आई एरवी केस विंचरताना ओढते, त्या दिवशी ओढत नव्हती. मागे बसून, मला तिचा चेहरा दिसत नसताना, ती म्हणाली, “मला बी व्हायचं असलंच. तू पोटात असताना तर लई. मी धनं भिजवून प्यायचो.”

“डॉक्टरांना सांगितलं नाहीस?”

“कुणाला सांगणार? सासू संगं असायची.”

“मग बरं कसं झालं?”

“कधी झालं, कधी न्हाई झालं,” ती म्हणाली आणि वेणी घालायला लागली.

मला तिच्यावर पुन्हा चिडायचं होतं. टायफॉईडसाठी, मामीसाठी, त्या अपचनाच्या गोळ्यांसाठी. पण वेणी फार छान घट्ट झाली होती. मी एवढंच म्हणाले, “तूपण एकदा मॅडमना दाखव.” ती म्हणाली, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी बाबा बिलाच्या रांगेत असताना ती एकटीच मॅडमच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. कागद तिनं पर्समध्ये नीट चार घड्या घालून ठेवला.

*

घरी आल्यावर मी गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. बरं वाटत असताना गोळी घेणं किती कंटाळवाणं असतं, ते ज्यानं घेतली त्यालाच कळेल. तरी घेतली. कंपासपेटी रिकामी केली. हे वाचणाऱ्या कुणाला माझ्यासारखं होत असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे: मेडिकलच्या काउंटरवर फोन पुढे करू नका, डॉक्टरपुढे करा. औषध सुरू करायच्या आधी लघवी तपासून घ्या. जळजळीबरोबर थंडी-ताप आला, पाठ दुखली, तर उद्यावर ढकलू नका. पाणी प्या, आणि प्यालेलं पाणी अंगात साठवून ठेवायची वस्तू नाही हे लक्षात ठेवा. लग्न झालेलं असो नसो, हे होतं. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका. मग ती आई असली तरी.

हे सगळं मला लिहायला सोपं आहे. लिहिणं मला नेहमीच जमतं, अडतं ते बोलताना.

*

तीन आठवड्यांनी मी हुपरीला गेले. बसमध्ये बाटलीतलं अर्धं पाणी पिऊन टाकलं, मुद्दाम. परत फिरायला वाट राहू नये म्हणून.

दारातच अण्णा उभे होते. फार खुशीत. “ये, ये. आधी हिकडं बघ.” त्यांनी मला भिंतीकडे नेलं. तिथे नवा कोरा पाण्याचा फिल्टर बसवला होता. वर हळदकुंकू लावलेलं, खाली नारळ फोडल्याची खूण. “तुझ्या बाबास्नी फोन केलतो मी. पाण्यातनंच हुतो म्हणालं ते टायफॉईड. म्हटलं, आपल्या पोरीला आपल्या पाण्यानं झाला. लगेच बसवून घेतला बघ.”

बाबा! आयुष्यात एकदा खोटं बोलले आणि तेही इतकं सविस्तर.

“आमाला इतकी वर्सं कुणी फिल्टर दिला न्हाई,” बाबूकाका दारातून म्हणाले. “एक इंग्लिश मीडियम आजारी पडली आन् फिल्टर आला.” सगळे हसले. मीही हसले. एक तांब्या भरून माझ्यापुढे आला. अण्णा बघत होते, म्हणून मी तो सगळा प्यायले.

वैनी पुढे आल्या नाहीत. रोज अकराला त्या स्वतः चहा घेऊन येतात. त्या दिवशी चहा त्यांच्या घरकामाच्या बाईच्या हातून आला. मी तिला विचारलं, “वैनी बऱ्या आहेत ना?” ती खाली वाकून कुजबुजली, “तुमच्यावर रुसल्यात. व्यापाऱ्याच्या बायकोनं देवळात सगळ्यांसमोर इच्चारलं, तुमच्या घरात टायफॉईडचं पाणी निघालं म्हणं?”

अण्णांचं घर जैन. त्यांच्याकडे पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय माठात जात नाही. फडकं झटकायचीसुद्धा त्यांची रीत आहे. अंधार पडल्यावर त्या घरात कुणी घास घेत नाही. त्या घरातल्या बाईला तिच्याच देवळात, तिच्या पाण्याबद्दल ऐकवलं गेलं होतं. आईनं एका स्थळासाठी निवडलेला घरंदाज आजार जाऊन वैनींच्या माठात बसला होता.

साडेबारा वाजले. तांब्याभर पाणी, बसमधली अर्धी बाटली आणि चहा, सगळं एकदम जाणवायला लागलं. मी फोटो काढत राहिले. एका पैंजणाचे सात फोटो काढले, सगळे हलले. ती जुनी, ओळखीची हुशारी हळूच डोकं वर काढत होती. अजून पाच तास, त्यात काय. याआधी केलंयस की.

मी उठले. बादलीत हात बुडवले. ओढणी झटकली.

“कोण? कुठं?” बाबूकाकांनी मान वर न करता विचारलं.

मी उत्तर न देता पुढे गेले, तर स्वयंपाकघराच्या दारात वैनीच उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात पाणी गाळायचं फडकं. वाट पूर्ण अडवून.

“ह्या घरात येऊन तीस वर्सं झाली मला,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण ऐकवलं पुढच्या खोलीला. “न गाळलेल्या पाण्याचा एक थेंब कुणाच्या तोंडाला लावला न्हाई मी. तुला टायफॉईड आमच्या पाण्यानं झाला व्हय गं?”

त्यांचे डोळे भरलेले होते. मागे कानस थांबली. बाबूकाका वळून बघत होते. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले होते. आता मान हलवली असती तर सगळं पुन्हा जिथल्या तिथे बसलं असतं. फिल्टर, टायफॉईड आणि मी.

“नाही वैनी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला, आणि तो थांबेना. “मला टायफॉईड झालाच नव्हता. तुमच्या पाण्यात काही नव्हतं, ते मी देवळात येऊन सांगेन. मला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. किडनीपर्यंत गेलं होतं. कारण दीड वर्ष मी इथे दिवसभर लघवी धरून बसत होते. आता मी रोज तीन-चार वेळा जाणार आहे, आणि कुठं म्हणून कुणी विचारायचं नाही. आत्तापण लागलीय, जरा बाजूला व्हा.”